आन्सेल्मोने कापलेली पिन

आन्सेल्मो बाग्तासच्या हातांना जन्मात कधी चैन पडली नाही. चमचा दिसला की बशीवर वाजवायचा, दार दिसलं की कडी हलवून बघायची. पण याच हातांवर त्याने एकतीस वर्षं घर चालवलं. फिलिपिन्समधल्या केसोन सिटीतल्या एका रेडिओ केंद्रात नाटकांमधले आवाज काढायचं काम त्याचं. बोलण्याचे सोडून बाकी सगळे. नारळाच्या करवंट्या आपटून घोडा पळवायचा, पत्र्यावर तांदूळ ओतून पाऊस पाडायचा, आणि कुणाच्या थोबाडीत द्यायची असली की स्वतःच्याच मांडीवर चापट मारायची. त्याच माइकवर रोसेन्दा बोलायची. तिच्या आवाजावर हा भाळला आणि लग्न करून मोकळा झाला. रडायचं तिने, दार आपटायचं याने, असा निम्मा संसार त्यांनी रेडिओवरच केला.

मग केंद्राने नाटकं बंद केली आणि दोघं कामुनिंग भागातल्या घरी येऊन बसली. आन्सेल्मोचं काही बिघडलं नाही, त्याला वाजवायला घरातली भांडी होती. रोसेन्दाचं मात्र वाईट झालं. जिच्या एका हुंदक्यावर बाजारातल्या बायका पदराला... छे, तिकडे पदर कुठला, हातरुमालाला डोळे पुसायच्या, ती बाई दोन वर्षांत दुकानात मीठ मागतानाही पुटपुटायला लागली. दिवसच्या दिवस एक शब्द नाही. आन्सेल्मोला त्या शांततेची भीती वाटायची. बायको जिवंत आहे आणि तिचा आवाज आधीच गेलाय, असं त्याच्या मनात यायचं आणि तो उठून उगाच नळ सोडायचा.

अशात तिला काम चालून आलं. अंधांसाठी पुस्तकं वाचायची, घरीच बसून, कॉम्प्युटरवर. तिने नमुना पाठवला. उत्तर आलं : आवाज फार सुंदर, पण मागे घरघर आहे, चालणार नाही. दुसरा पाठवला, तोही परत. तिसरा शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, आणि तो शेवटचा. रोसेन्दा म्हणाली, जाऊ दे, नशिबात नाही. ते तिने इतकं हळू म्हटलं की आन्सेल्मोने त्याच क्षणी ठरवलं, हा घुरघुरणारा कॉम्प्युटरचा डबा फेकायचा आणि आपल्या हाताने नवा जुळवायचा, मुका.

बुधवारी तो जीपनीने, म्हणजे तिकडच्या वडापच्या लांब गाडीने, गिलमोरला गेला. त्या रस्त्यावर दुकानांना दुकानं लागून, सगळी कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची. जेनलिन नावाच्या पोरसवदा विक्रेतीने त्याला कॉम्प्युटर थंड ठेवणाऱ्या, रंगीत दिव्यांच्या पंख्यांकडे तिकडच्या रीतीने ओठ पुढे काढून खूण केली. याने दिव्यांकडे पाहिलंही नाही. पंखा चालू करायला लावला, कानाशी धरला आणि डोळे मिटले. दुसरा. तिसरा. नवव्या पंख्याला मागे गिऱ्हाईकं चुळबुळायला लागली.

"ताताय," जेनलिन म्हणाली, बापाच्या वयाच्या माणसाला सगळे म्हणतात तसं, "पंखा घेताय की जावई बघताय?"

"जावई घोरला तर मुलगी बघून घेईल. हा घोरला तर माझी बायको गप्प बसेल," आन्सेल्मो म्हणाला.

ती हसली आणि मग मन लावून दाखवायला लागली. पंखा तळहाताहून मोठा घेतला, कारण लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त धावावं लागतं आणि धावणारा धापा टाकतोच. पॉवर सप्लाय बिनपंख्याचा. डिस्क न फिरणारी. प्रोसेसर सगळ्यात वेगवान नको, कमी तापणारा हवा, आणि त्याच्यावर उष्णता शोषायला नारळाएवढा ॲल्युमिनियमचा गड्डा. शेवटी हे सगळं आत बसवायची पेटी. पहिल्या पेटीवर त्याने बोटाने टिचकी मारली आणि मान हलवली. यावर पाऊस चांगला पडेल म्हणाला, शांतता टिकायची नाही. चौथी पेटी ठोकली तर बद्द वाजली. ती घेतली. म्हातारपणासाठी ठेवलेले पेसो संपले, पण जीपनीत पेटी मांडीवर घेऊन बसलेला हा माणूस नवरदेवासारखा खूश होता.

गुरुवारी सकाळी सगळं जुळलं. वायरीच्या प्लगला तीन पिना आणि भिंतीत भोकं दोनच. आता कामुनिंगच्या त्या गल्लीत कोणाच्या भिंतीत तीन भोकं आहेत? सगळे करतात तेच त्याने केलं. पकड घेतली आणि तिसरी पिन कापून टाकली. पेटीला हात लागला की मुंग्या येतात, म्हणून रबरी चपला घालून बसायचं, हेही तिथे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

बटण दाबलं. रोसेन्दाने विचारलं, चालू कधी करणार? तो चालूच होता. आन्सेल्मोची छाती फुगली. मग तिने एक पान वाचलं, त्याने हेडफोन लावला, आणि त्याचं तोंड उतरलं. तिच्या आवाजाखाली एक बारीक गुणगुण होतीच.

त्यानंतर त्याने घर डोक्यावर घेतलं. फ्रिज बंद केला, त्यातली मासळी पाघळली. शेजाऱ्याचा कोंबडा दोन गल्ल्या पलीकडे मेव्हणीकडे नेऊन ठेवला. पारखून आणलेला पंखाही काढून टाकला. गुणगुण तशीच. शुक्रवारी सकाळी तो पेटी उघडून स्क्रूशी झटत होता, फिरत होता, पुन्हा बसत होता. रोसेन्दा हेडफोन कानाला लावून, कंटाळून पेटीवर हात टेकवून उभी राहिली.

"सेल्मो, हात ठेवला की थांबतंय," ती म्हणाली.

"काय थांबतंय?"

"गुणगुण. हात काढला की सुरू."

आन्सेल्मोने भिंतीतल्या प्लगकडे पाहिलं आणि हातातला स्क्रू खाली ठेवला. केंद्रात माइकच्या खोलीतून एक जाड हिरवी तार थेट जमिनीत गेलेली होती. तिथला इंजिनिअर त्या तारेला कुणाला हात लावू देत नसे. ती निघाली तर माइक गुणगुणतो, हे आन्सेल्मोने एकतीस वर्षं ऐकलं होतं. वीज मातीत जायची वाट त्याने स्वतःच्या पकडीने तोडली होती. काखेत कळसा आणि गिलमोरला वळसा. आणि जुन्या डब्याची पिनसुद्धा त्यानेच कापली होती. त्याने हे तिला सांगून टाकलं, मान खाली घालून.

रोसेन्दाने हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे माझे दोन्ही नमुने तू परत पाठवलेस." त्याचे डोळे भरलेले पाहिले तसं पुढे म्हणाली, "रडायचं काम माझं आहे. तू तार शोध."

तांब्याची कांब त्याने केळीखालच्या ओल्या मातीत हातोड्याने ठोकली, तार खिडकीतून आत घेतली आणि पेटीच्या स्क्रूला आवळली. दहा वाजले होते. रोसेन्दा वाचायला बसली. हेडफोनमध्ये तिच्या आवाजाशिवाय काही नव्हतं, आणि तो आवाज जुना होता, भरलेला. आन्सेल्मोच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात ती थांबली.

"टकटक येतेय."

दोघांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटं खुर्चीवर चालू होती.

"तू बाहेर जा, सेल्मो," ती हळूच म्हणाली.

एकतीस वर्षं एका माइकवर उभा राहिलेला माणूस तो. फार लागलं त्याला. पण गेला, पायरीवर बसला. तेवढ्यात कोपऱ्यावर ताहोवाला, सोयाबीनच्या दुधाचा मऊ गोड खरवस विकणारा, दिसला, खांद्यावर कावड, आरोळीसाठी तोंड उघडलेलं. आन्सेल्मो या वयात असा पळाला की चप्पल मागे राहिली. त्याने एक पेला घेतला, संपवला, दुसरा घेतला, आणि त्या माणसाला गोष्टींत गुंतवून न ओरडता गल्लीपार नेलं.

पावणेबाराला नमुना गेला. सोमवारी अकरा प्रकरणांचं पुस्तक वाचायला आलं.

आता रोज नऊ ते अकरा आन्सेल्मो पायरीवर असतो. ताहोवाला कोपऱ्यावर आरोळी गिळतो आणि त्याच्यासमोर मुकाट्याने पेला धरतो. आतून शब्द कळत नाहीत, नुसता तिचा आवाज येतो. आन्सेल्मोची बोटं मांडीवर चालू असतात. मांडीवरचं आत ऐकू जात नाही, हे त्याने तिला विचारून घेतलंय.