माणशी दोन बाटल्या

देशाचा माणशी तेलखप वाढला अशी बातमी आली की माझा मुलगा ती मोठ्याने वाचून दाखवतो. "प्रगती आहे हो, आई," म्हणतो. मी उठून आत जाते. त्या 'माणशी' शब्दाशी माझं जुनं वैर आहे.

माझे बाबा मुंबईला एका तेल कंपनीच्या कचेरीत कारकून होते. देशात एकूण तेल किती खपलं, त्याला माणसांनी भागलं तर माणशी किती आलं, याचे वर्षावर्षांचे तक्ते करायचे, हे त्यांचं काम. तक्त्यावरची रेघ वर गेली की साहेब खूश.

घरी मात्र सगळं उलटं. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत वीज नव्हती. ठाकुर्लीच्या वीजघराचं धुराडं मागच्या दारातून दिसायचं, पण ती वीज आगगाड्यांना. आमच्या नशिबी कंट्रोलचं घासलेट, कंदिलापुरतं. महिना संपला की बाबा रिकाम्या झालेल्या बाटल्या मोजत, त्यांना चाराने भागत आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने आकडा लिहीत. बाबा, आई, मी आणि धाकटी बहीण. आठ बाटल्या, चार माणसं, माणशी दोन. ही रेघ वर जाता कामा नये. सबंध चाळीत आपला आकडा कमी, याचा त्यांना कोण अभिमान! आल्यागेल्याला चहाआधी चौकट दाखवायचे.

"देशाला म्हणायचं, जाळा हवं तेवढं. आणि बायकोला म्हणायचं, काडी जपून ओढ," आई म्हणायची. "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" बाबा हसत. तिचं बोलणं हसण्यावारी नेण्यात ते पटाईत होते.

आई चुलीवर रांधायची. जवळच्या कोपर गावाहून एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन यायची. पावसाळ्यात ती लाकडं ओलीच असायची. फुंकणीने फुंकून फुंकून आईचे डोळे लालबुंद व्हायचे, मग खोकला सुरू व्हायचा, आणि भिंतीला धरून उभी राहिली तरी थांबायचा नाही. मोळीवाली एकदा दारातच बसून म्हणाली, "बाय गो, यो धूर तुजा जीव घेल." आई म्हणाली, "तुझी लाकडं वाळवून आण म्हणजे नाही घेणार," आणि दोघी हसल्या.

कल्याणच्या डॉक्टरांनी मात्र हसून सांगितलं नाही. छाती अधू झाली आहे, धुरापासून लांब ठेवा, घरात पंपाचा स्टोव्ह घ्या, म्हणाले. बाबा घरी येऊन म्हणाले, "स्टोव्ह आला की घासलेट दुप्पट लागणार. दिवाळीनंतर बघू." पैशाची अडचण नव्हती, हे मुद्दाम सांगते. आमच्या रेशनकार्डावर आणखी घासलेट मिळत होतं, आम्ही ते उचलतच नव्हतो. अडचण होती ती चौकटीवरच्या आकड्याची.

आणि मी? मी दहा वर्षांची, गणितात हुशार. बाबांनी पेन्सिल माझ्या हातात दिली होती. भागाकार मी करायचा, आकडा मी लिहायचा. मला वाटे, कचेरीच मी चालवते!

त्या आषाढात आठाच्या नऊ बाटल्या झाल्या. नवाला चाराने भाग जाईना. मी पाळत ठेवली. दुसऱ्याच दिवशी आई बाटलीतलं घासलेट वाटीत घेताना आणि ओल्या लाकडांवर शिंपडताना दिसली. भडका उडाला, लाकडं पेटली, आणि त्या दिवशी ती खोकली नाही. हे मी पाहिलं होतं. खोकली नाही, हेसुद्धा पाहिलं होतं. तरी संध्याकाळी बाबा आल्याबरोबर मी सांगितलं.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शेजारचे दोघेतिघे गप्पांना बसले होते, त्यांच्यासमोर ते हसत म्हणाले, "आमच्या घरात चोरी झाली बरं का! खुद्द गृहलक्ष्मीनेच केली." सगळे हसले. मीही हसले.

आई पानं घेत होती. माझ्या ताटात भात वाढताना एवढंच म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस हो. लपवायचं कशाला?" त्यानंतर तिने बाटलीला हात लावला नाही. पुन्हा फुंकणी, पुन्हा ओली लाकडं. महिनाअखेरीला बाटल्या बरोबर आठ झाल्या, आणि मी मेलीने चौकटीवर दोनाचा आकडा चांगला ठळक काढला.

भाद्रपदात तिची छाती भरली. चार दिवस तिला श्वास पुरत नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

तेरावा झाला आणि बाबा स्टोव्ह घेऊन आले. पितळेचा, नवाकोरा. त्यांनीच पंप मारला. निळी ज्योत लागली, धुराचं नाव नाही. धाकटी टाळ्या वाजवत म्हणाली, "आता आईला खोकला नाही येणार!" बाबा स्टोव्हसमोरून उठले आणि मोरीत जाऊन तोंड धूत राहिले.

महिना संपला. स्टोव्ह शेवटचे थोडेच दिवस चालला होता आणि मधले दिवस चूल बंद म्हणून स्वयंपाकघरातला कंदीलही लागला नव्हता, त्यामुळे बाटल्या सातच झाल्या. सवयीने मी पाटीवर सात मांडले आणि चाराने भागायला घेतलं. बाबा मागे उभे होते. म्हणाले, "तीन, बाळ. तिनाने भाग."

मी भागलं. दोन पूर्ण, वर एक उरला. घासलेट कमी जळलं होतं आणि माणशी आकडा वाढला होता. जन्मभर हेच गणित केलेल्या माणसाने पाटीवरचं उत्तर पुन्हा एकदा तपासलं. मग माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. चौकटीवर पुन्हा काही लिहिलं नाही.

आज माझ्या घरात किती तेल जळतं ते मी मोजत नाही. पण ती नववी बाटली मला विसरता येत नाही. दर महिन्याला नऊ झाल्या असत्या, तर झाल्या असत्या. भाग गेला नसता, पण भागायला चार माणसं तरी राहिली असती.