पाच हात फळी

जयगडच्या मन्सूर सोलकरने बर्फ पाहिला होता तो फक्त मासळीवर. गलबतं बांधणाऱ्या सुताराला बर्फाशी त्याहून जास्त काय घेणं? एकोणीसशे बावन्न साली तो आखातातल्या दोह्याला आला, बंदरामागे शेड टाकली, मागाहून बायकोला, हजराला, आणलं आणि बस्तान बसलं.

सत्तावन्नच्या जूनमध्ये शेडच्या दारात एक सहाफुटी जर्मन येऊन उभा राहिला. योखिम फिंकलर त्याचं नाव. बर्फाच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला इंजिनियर. पण त्याचा जीव दुसऱ्याच गोष्टीत होता. हिवाळ्यात मायदेशी जाऊन, बुटांना पाती लावून, बर्फाच्या मैदानावर दहा हजार मीटर पळायचं. त्यात तो जर्मनीत तिसरा आला होता. दोह्यात सराव मोडू नये म्हणून त्याला एक फळी हवी होती: पाच हात लांब, गुळगुळीत, दोन्ही टोकांना ठोकळे. मोजे घालून एका ठोकळ्याला रेटा द्यायचा आणि घसरत दुसऱ्याकडे जायचं.

"मग?" मन्सूरने हिंदीत विचारलं. कारखान्यातल्या मजुरांमुळे साहेबाला ती तोडकीमोडकी यायची.

"मग परत."

"पण पोचायचं कुठे?"

"कुठेच नाही," साहेब गंभीरपणे म्हणाला.

मन्सूरने सागाची फळी केली. पाय घसरेना, तेव्हा गलबताला चोळतात ते मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोळलं. साहेब असा सुटला की ठोकळा उखडून भुशाच्या ढिगात जाऊन पडला. उठला तो मन्सूरला मिठी मारूनच.

मग रोज संध्याकाळी, अंगाची काहिली होत असताना, साहेब डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. हजरा त्याच्या मोज्यांसाठी लोकर घ्यायला गेली, तर ऊन लागलं असणार असं समजून दुकानदाराने आधी तिला पाणी दिलं आणि सावलीत बसवलं. मन्सूर रंधा मारता मारता बघायचा. वाकडं काम त्याला बघवत नसे. "कंबर! कंबर वाकव!" तो ओरडायचा. साहेब वाकायचा.

पुढच्या हिवाळ्यात योखिम दुसरा आला आणि साठ साली पहिला. पेपरवाल्यांनी विचारलं, गुरू कोण? म्हणाला, दोह्याचे हेर, म्हणजे जर्मनीत श्रीयुत, सोलकर. झालं! जर्मनीतल्या खेळाच्या संघाचं पत्र आलं: सरावाची पद्धत कळवावी. मन्सूरने बंदरातल्या हाफिज कारकुनाकडून उत्तर टाइप करून घेतलं: तेल मुशीचंच हवं. घसरताना बोलू नये. नंतर सोलकढी द्यावी. संघाने उलट टपाली विचारलं, सोलकढी हे औषध कुठल्या कंपनीचं?

त्रेसष्टच्या जानेवारीत संघाने जर्मनीचं तिकीटच धाडलं. दोन कोट एकावर एक चढवून मन्सूर मैदानाच्या कडेला उभा राहिला. बंदुकीचा बार झाला. योखिमने डावीकडे रेटा दिला, उजवीकडे दिला आणि निघून गेला.

"अरे, हा चालला कुठे?" मन्सूर किंचाळला. सहा वर्षांत त्याने साहेबाला पाच हातांपलीकडे जाताना पाहिलं नव्हतं. कुठला तरी ठोकळा निखळला असणार! तो बर्फावर धावणार तोच दोघांनी त्याला धरलं. पाऊण मिनिटाने योखिम समोरून परत आला आणि पुन्हा गेला. चारपाच फेऱ्यांनंतर मन्सूरच्या जिवात जीव आला, पण योखिमची ताठ झालेली पाठ बघितली मात्र आणि तो गरजला, "कंबर!" मागच्या लोकांना वाटलं, हाच तो गुरुमंत्र. सगळं मैदान ओरडू लागलं, "कंबर! कंबर!" पंचवीस फेऱ्यांनंतर योखिम दोन सेकंदांनी जिंकला.

मन्सूर घरी परतला तेव्हा हजराने विचारलं, "जिंकला का?"

"जिंकला. पण नुसता गोल गोल फिरतो. पोचत कुठेच नाय."

"मग इतक्या लांब कशाला गेलावत? हितं तर रोज बघत होतावत."

मन्सूरने दोन्ही कोट खुंटीला अडकवले. दोन वर्षांनी योखिमने खेळ सोडला आणि तो कायमचा मायदेशी गेला. त्याच वर्षी जुलैत संघाचे दोन तरणे जर्मन मोजे घेऊन शेडच्या दारात हजर झाले. मन्सूरने एकदा दोघांच्या पाठी निरखल्या आणि सागाची आणखी एक फळी उतरवली.