पैसे ‘गेले’, पण पोचले का?

आज तळेगाव ढमढेरेच्या बाजारात एका साहेबांनी मेथीच्या जुड्या पिशवीत घातल्या आणि फोन नाचवला. "मावशी, गेले बघा पैसे."

भाजीवाल्या मावशींचा क्यूआर कोड मुलाच्या खात्याचा. मुलगा कंपनीत, फोन गेटवर जमा. त्यांना कळणार कसं?

मी शेजारीच भाजी घेत होते; मला साहेबांच्या स्क्रीनवर ‘प्रलंबित’ दिसलं. मी म्हटलं, "अजून गेले नाहीत. रोख द्या."

"रोख कोण बाळगतं आता? क्रेडिट कार्ड हाय, चालंल?" साहेब हसले.

मावशी म्हणाल्या, "मग कार्डच शिजवा की. मेथी ठिवा खाली."

लगेच खिशातून नोट निघाली!

समोरच्याच्या हाती पडल्याशिवाय पैसे दिले म्हणायचं नाही, हे मला आईनं शिकवलं. असल्या दळभद्री रुबाबाची किळस येते. तुम्ही पैसे पोचेपर्यंत थांबता, की स्क्रीन दाखवून सटकता?