ताईची खोटी दुखणी

माझ्या मावसबहिणीइतकी वरचेवर आजारी पडणारी आणि तरीही इतकी ठणठणीत बाई अख्ख्या भोपाळात दुसरी नसेल. ताई नर्सिंग कॉलेजात एम.एस्सी.च्या मुलींना, म्हणजे उद्याच्या शिक्षिकांना, 'शिकवावं कसं' हे शिकवते. तिचं तत्त्व एकच: वर्गात आधी रोगी आला पाहिजे, पुस्तक मागाहून. आता रोज नवा रोगी आणायचा कुठून? म्हणून ती स्वतःच रोगी होते. सोमवारी पोटदुखी, गुरुवारी कारखान्यात भाजलेला हात. मैदा आणि बीट यांचा लेप लावून तो हात सांभाळत ती अवधपुरीच्या घरून बसने निघाली, तर कंडक्टरने दोन माणसं उठवून तिला जागा दिली.

"त्याला खरं सांगितलंस का?" मी विचारलं.

"सांगितलं ना. मग विचारलं, आधी काय दिसलं? म्हणाला, चेहरा. हात नाही रे, चेहरा!" वर्गात पोचेपर्यंत तिचा त्या दिवसाचा धडा तयार होता.

प्रश्न विचारण्याची तिला भारी खोड. मुलींनी बरोबर निदान केलं तरी "कशावरून?" आणि चुकलं तरी "कशावरून?" मी टी. टी. नगरातून दमूनभागून तिच्याकडे जावं, तर चहाआधी विचारणार, "उजवा पाय जपून टाकतोयस, कधीपासून?"

गेल्या हिवाळ्यात शिकवता शिकवता ती खुर्चीत बसली आणि तिने छातीवर हात दाबला. मुलींनी हौसेनं वह्या उघडल्या. एक नाडी मोजू लागली. दुसरी म्हणाली, "मॅम, आज तो कमाल की ॲक्टिंग है!" मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी मात्र पुढे आली, ताईच्या कपाळाला हात लावून ओरडली, "ये नाटक नहीं है! गाडी बुलाओ!"

वेळेवर उपचार झाले. तिसऱ्या दिवशी ती मुलगी दवाखान्यात भेटायला आली, तेव्हा मी तिथेच होतो. ताईने क्षीण आवाजात विचारलं, "कशावरून?"

"मॅम, आपने कुछ पूछा ही नहीं. और पसीना ठंडा था."

ताई हसली. मुलगी गेल्यावर म्हणाली, "इतकी दुखणी केली रे, पण घाबरले कधीच नव्हते. त्या गाडीत घाबरले. ही पोरगी एक शब्द न बोलता हात धरून बसली होती. तेवढ्यानं बरं वाटलं."

आता ती पुन्हा शिकवते. रोगी समोर आला की पहिलं मिनिट काही विचारायचं नाही, नुसता हात धरायचा, असा नवा नियम आहे. "मॅम, एक मिनट काफी है क्या?" असं परवा कुणीतरी विचारलं.

ताई म्हणाली, "माहीत नाही गं. मीही अजून शिकतेय."