ओट्याखालची लोखंडी पट्टी

तुमच्या ओट्याचा दगड कशावर टेकलाय, सांगता येईल तुम्हाला? भिंतीकडचा नाही विचारत. पुढे आलेला, ज्याच्याखाली स्टूल सरकवून मुलं अभ्यासाला बसतात आणि ज्यावर कोपर ठेवून तुम्ही चहा पिता, तो. नाही ना येत सांगता? मग टेकूताईची गोष्ट ऐका. आणि ऐकून झाल्यावर उगाच हळहळू नका, हळहळणाऱ्या लोकांचा तिला भयंकर राग आहे.

टेकूताई हे काही तिचं खरं नाव नाही. कुठल्याही स्वयंपाकघरात शिरली की ही बाई बसा-उठाच्या भानगडीत न पडता थेट खाली वाकते आणि विचारते, "टेकू कुठंय?" म्हणून ती टेकूताई. खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तिनं वीस वर्षं काढली. मालकानं पुरुषांच्या हातात वेल्डिंगचं मशीन दिलं, हिच्या हातात झाडू. झाडता झाडता बघून ती सगळं शिकली आणि पुढे स्वतःचं काम धरलं.

काम म्हणजे असं. अर्धा इंच जाड, दोन इंच रुंद लोखंडी पट्टी घ्यायची. ओट्याखालच्या कपाटाच्या वरच्या कडेत तेवढीच खाच पाडायची, पट्टी तिच्यात निजवायची, स्क्रूनं आवळायची आणि टोक पुढे सोडायचं. अशा तीन-चार पट्ट्या. वर दगड बसला, खालून सनमायकाची पातळ फळी लागली, की संपलं. ना खांब, ना गुडघ्याला काही लागत. दगड हवेत तरंगतोय असं वाटतं आणि लोक दगडाला "वा" म्हणतात. पट्टीला कोणी म्हणत नाही, टेकूताईला तर नाहीच.

"लाकूड बरं," ती सांगते. "आधी वाकतं, करकरतं, सांगून मोडतं. दगड सांगत नाही. सकाळी एक, दुपारी दोन तुकडे."

गेल्या वर्षी चाळीस घरांच्या नव्या इमारतीचा कंत्राटदार तिच्याकडे आला. गोड बोलणारा, दर वाक्याला "ताई" लावणारा. सॅम्पल फ्लॅटचा ओटा तिनं केला. काम संपल्यावर त्यानं कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'ब्रॅकेट बसवून दिले', आणि 'घरांची संख्या' याच्यापुढची जागा कोरी. तिनं सही ठोकली. लोखंडाच्या मापात केसभर फरक चालवून न घेणारी बाई, पण ती बोटभर कोरी जागा काही तिला दिसली नाही. बाकीच्या घरांसाठी बोलावणं आलंच नाही. "आमची माणसं करतील, ताई. तुमचं बघून शिकली." तिलाही वाटलं, शिकली असतील. आपणही बघूनच शिकलो की.

आठ महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात स्वयंपाकाच्या मावशी ओट्याला टेकून भाजी निवडत होत्या. दगड तुटला आणि त्यांच्या उजव्या पावलावर आला. पावलाची तीन हाडं मोडली. मावशींना दवाखान्यात नेत होते, तोवर कंत्राटदाराच्या माणसांनी तुटका दगड, फळ्या, कपाट सगळं उचलून नेलं. आणि संध्याकाळी यानं सोसायटीच्या लोकांपुढे तो कागद फडकवला. कोऱ्या जागेत आता चाळीस होतं.

"आम्ही विश्वासानं काम दिलं," तो म्हणाला. "म्हटलं, बाईमाणूस आहे, संधी द्यावी."

संधी! हिच्या हातावर ठिणग्यांचे जेवढे डाग आहेत तेवढे त्याच्या डोक्यावर केस नाहीत, आणि हा संधी देणार. पण बातमीला पाय फुटले. तिनं मापं घेऊन ठेवलेल्या दोन घरांनी "सध्या राहू द्या" म्हणून कळवलं. हार्डवेअरचा दुकानदार स्क्रू मोजता मोजता म्हणाला, "काय ताई, दगड पाडलात म्हणे?" तिनं स्क्रू तिथंच टाकले आणि घरी आली.

"आई, मला जेवायला वाढू नका."

"नको तर नको," सासूबाई म्हणाल्या. "पण बघून चाल, टाचण्या सांडल्यात."

सासूबाई घरीच कपडे शिवतात. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला त्यांच्याकडे जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आहे, सुतळी बांधलेलं. ते फरशीवरून फिरवत त्या म्हणाल्या, "दगडाखाली लोखंड आहे की नाही, एवढंच भांडण ना?"

"एवढंच. पण नवा ओटा उकलू द्यायला कोणी तयार नाही."

"मग रडतेस कशाला?"

"मी रडत नाहीये. राग आलाय मला."

"दोन्ही वेळी तोंड सारखंच दिसतं तुझं," म्हणत त्यांनी टाचण्यांनी लगडलेलं चुंबक सुनेच्या नाकासमोर धरलं. टेकूताई बघत राहिली. मग तिनं एकेक टाचणी काढून डबीत टाकली आणि चुंबक पिशवीत.

रविवारी सकाळी तिनं सोसायटीच्या चेअरमनना बोलावलं, कंत्राटदारालाही बोलावलं. आधी सॅम्पल फ्लॅट. "इथून एक हात सोडा," म्हणून तिनं दगडाखालच्या फळीला चुंबक लावलं. टक्! चुंबक तिथंच चिकटून राहिलं, सुतळी खाली लोंबत. चारही पट्ट्यांच्या जागा तिनं आधी सांगितल्या, मग दाखवल्या.

शेजारच्या घरात चुंबक सरळ तिच्या तळहातावर पडलं. वरच्या घरात पडलं. त्याच्या वरच्याही. बातमी जिन्यानं पुढे धावत होती, मागे बायकांची रांग लागली. "आधी आमच्याकडे या हो!" दहा घरं झाली. अकराव्या घरात कंत्राटदार गालातल्या गालात हसला.

"ताई, आमच्या पट्ट्या स्टेनलेसच्या आहेत. भारीतल्या स्टेनलेसला चुंबक लागत नाही."

"हे बाकी खरं आहे," चेअरमन म्हणाले.

टेकूताईची कानशिलं तापली. खरं होतंच ते. खोटं बोलायलाही अभ्यास लागतो, आणि त्यानं तो केला होता. रांगेतल्या बायका आता हिच्याकडे बघायला लागल्या.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे या पट्ट्या तुमच्या, माझ्या नाहीत. स्टेनलेस तर स्टेनलेस. किती वजन पेलतं?"

"दोन माणसं उभी राहू देत वर!"

"दोन कशाला? तुम्ही एकटे बसा."

"काय?"

"बसा ना वर. चढायला स्टूल देते."

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, लाजू नका, आपलाच ओटा समजा!" आणि सगळ्या खिदळल्या. टेकूताई हसली नाही. तिनं स्टूल त्याच्यापुढे आपटलं.

"हा काय पोरखेळ आहे?"

"मावशी नुसत्या टेकल्या होत्या. तुम्ही नुसतं बसायचंय."

त्यानं दगडाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे. दगडाच्या खाली गेलेली त्याची पावलं हळूच मागे सरकली, आणि ती सरकताना खोलीतल्या प्रत्येक माणसानं पाहिली.

त्या घराची मालकीण आतून पेचकस घेऊन आली. "काढा हो ती फळी. माझं घर आहे, बघू दे मला." टेकूताईनं फळी उकलली. आत पोकळी. कपाटाची कड गुळगुळीत. पट्टी सोडा, पट्टीसाठी साधी खाचसुद्धा पाडलेली नव्हती.

टेकूताई सगळ्यांना घेऊन सॅम्पल फ्लॅटमध्ये गेली, दगडावर चढून पाय सोडून बसली आणि म्हणाली, "या अजून दोघीजणी." दोघी चढल्या. दगड हलला नाही. चेअरमननी त्या कागदावरचे चाळीस खोडून एक केलं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. उरलेल्या घरांच्या पट्ट्या आता कंत्राटदाराची माणसं बसवतायत, पण प्रत्येक खाच ती स्वतः बोट घालून बघते.

तिला वाटलं, आता राग जाईल. ती मावशींना भेटायला गेली. त्या पलंगावर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या.

"तुझं नाव सुटलं म्हणे. बरं झालं," मावशी म्हणाल्या. "माझं पाऊल काही सुटत नाही बघ."

टेकूताईचा राग काही गेला नाही, अजूनही नाही. सासूबाईंनी टाचण्यांसाठी दुसरं चुंबक आणलंय. पहिलं हिच्या पिशवीतच असतं.

तेव्हा हळहळू नका. उठा, एखादं दणकट लोहचुंबक शोधा आणि आपल्या ओट्याच्या पुढे आलेल्या दगडाखालून फिरवा. टक् वाजलं तर बसा निवांत. नाही वाजलं, तर पोरांची स्टुलं आधी तिथून उचला, मग ज्यानं दगड बसवला त्याला घरी बोलवा आणि सगळ्यांसमोर सांगा, "बसा ना वर."