गोडाऊनमधला गुलाल

मंडळी, आमच्या जुन्या बियाण्याच्या गोडाऊनचं आम्ही घर करून राह्यलो, हे फोटोंवरून तुम्हाला माहीतच आहे. आजचा फोटो मात्र मी डिलीट केला.

सकाळी हॉलची जुनी फरशी धुवायला घेतली, तर भेगांमधून गुलाबी पाणी निघालं. आई हरखली. हंगामातला पहिला ट्रक निघताना इथं दरवर्षी गुलाल उधळायचे. "बघ, अजून गुलाल हाय," म्हणत तिनं बोट बुडवून माझ्या तान्ह्या मुलीच्या कपाळाला लावलं. मी फोटो काढत होतो. तेवढ्यात पोरीनं हात पाण्यात घालून बोटं तोंडात घातली.

माझे वडील, दादा, दारातूनच ओरडले, "जल्दी तोंड धुवा तिचं! गुलाल न्हाई ते, बियाण्याला लावायचं विषारी औषध हाय!"

तसेच दवाखान्यात पळालो. डॉक्टर म्हणाले, फार गेलेलं नाही, पण लक्ष ठेवा. आता ती खेळतेय.

परत येताना मी दादांना विचारलं, "तेव्हा आपल्याकडं बियाण्याला हे औषध लावणाऱ्या बायका हातमोजे घालायच्या का?"

"कुठले हातमोजे? हातानंच चोळायच्या. मंग तशाच घरी जायच्या. लेकरं होती की त्यांचीबी."

उद्या मजूर फरशी उखडायला येणार आहेत. दादांनी त्यांच्यासाठी आजच हातमोजे आणून ठेवलेत.

त्या बायका मागच्याच वस्तीत राहतात. वास्तुशांतीला त्यांना बोलवायचं ठरलं होतं. आता कोणत्या तोंडानं बोलवू, तुम्हीच सांगा.