फ्लॅशकाकूंनी टिपलेली शेवटची धार

फ्लॅशकाकू पहिल्यांदा नदीकाठच्या पोलाद कारखान्यात आल्या, तेव्हा भोंगा वाजायचा विसरला, नदी दोन पावलं मागे सरली आणि भट्टीने म्हणे निमूट धूर गिळला. तिथे मुकादमाची काय कथा! ज्याच्या नुसत्या खाकरण्याने तीनशे माणसं सरळ होत, त्याला काकूंनी स्टुलावर बसवून फर्मावलं, "हनुवटी खाली. दोन्ही कान दिसू द्या. हसायचं नाही." जन्मात न हसलेला तो गृहस्थ नेमका तेव्हाच हसला.

तेव्हापासून सव्वीस वर्षं काकू कामगारांच्या ओळखपत्रांचे फोटो काढत होत्या. निळा पडदा, दोन कान, चला पुढचा. आता चार भट्ट्यांची एक उरली होती आणि तीही शुक्रवारी बंद व्हायची होती. काकूंना एकच हुरहूर लागली: ही माणसं आणि त्यांचं पोलाद एका फोटोत कधी आलंच नाही. "सगळे बँकेतले कारकून असल्यासारखे पडद्यापुढे बसवले हो मी!"

गुरुवारी वितळलेल्या पोलादाची धार सुटताना त्यांनी फोटो काढून पाहिले. पोलाद नीट दिसलं तर माणसं काळीठिक्कर. माणसं दिसावीत तर पोलादाच्या जागी सांडलेलं दूध. फ्लॅश मारला, तर हवेतली धूळच तेवढी उजळली.

मुकादमाने कॅमेऱ्यात डोकं खुपसलं. "यात मी कुठला?"

"हा काळा."

"आणि हा?"

"तोही काळाच. तुमच्या बायकोलासुद्धा नाही ओळखता यायचं."

"काकू, उद्याची धार शेवटची."

"म्हणूनच तर जीव टांगणीला लागलाय!"

मुकादम डोकं खाजवत गेला. शुक्रवारी त्याने स्टोअरमधून भट्टीवाल्यांचे जुने चंदेरी कोट काढून आणले. त्यांच्यावर आदळली की धग माघारी फिरते. "धग फिरते, मग उजेड का नाही फिरणार?" पाळीतल्या अकरा जणांना त्याने भट्टीपुढे बेताच्या अंतरावर उभं केलं आणि काकूंच्या दोन्ही बाजूंना सहा जण कोट पसरून उभे केले, धुणं वाळत घातल्यासारखे.

"अरे, मग तुम्ही सहा जण फोटोत कुठे?"

"आमची तोंडं घरी रोज बघतात, काकू. कंटाळलेत."

सातवा कोट मुकादमाने स्वतःच धरला.

"मुकादम, तुम्ही तरी जा ना त्यांच्यात!"

"मग हा कोट कोण धरणार, तुमचे मिस्टर?"

धार सुटली. नारिंगी उजेड कोटांवर आपटून अकरा चेहऱ्यांवर सांडला. घाम, मिशा, एकाचा पडका दात, सगळं लख्ख. "काकू, कान दिसतायत ना?" कुणीतरी ओरडलं आणि अकराच्या अकरा जण खदखदले. काकूंनी बटण दाबलं.

फोटोच्या प्रती घराघरांतून मागितल्या गेल्या. पलीकडच्या काठावरच्या, पोलादाचे पत्रे लाटणाऱ्या रोलिंग मिलने निरोप धाडला, "आमचेही काढा, पण मिल चालू आहे तोवर." काकू दुसऱ्याच आठवड्यात सातही कोट घेऊन पूल ओलांडून गेल्या.

भट्टी त्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता बंद झाली. मुकादम त्या फोटोत नाही.